नऊ जणांचं ऑफिस

मला दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा मी आईला फोन केला नाही की पेढे आणले नाहीत. ऑफिसात गेले आणि माणसं मोजली! हसू नका. उस्मानपुऱ्यात छोट्या दुकानदारांचे पगार, पीएफ, टॅक्सचे कागद सांभाळणारं आमचं ऑफिस. गुलमंडीच्या कापडवाल्यांना फोनवर ठणकावून सांगणारी मीच, "शेठ, दहा माणसं कामाला असली की बाईला बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा द्यावीच लागते." समोरून हमखास विचारणा व्हायची, "आणि नऊ असली तर?" नऊ असली तर हा कायदा लागू नाही, शेठ. किती थाटात सांगायचे मी!

आता मोजलं तर मालक सोडून, मला धरून नऊ. उलटीकडून मोजलं, तरी मेले नऊच.

नवऱ्यानं नुकतंच स्वतःचं वर्कशॉप काढलेलं, म्हणजे घरात पगार एकच, माझा. रजा बिनपगारी झाली तर दीड महिन्याचं बाळ घरी ठेवून मला कामावर यावं लागणार होतं.

आमचे सर, म्हणजे ऑफिसचे मालक, माणूस लाखातला. बातमी ऐकून इतके खूश झाले की सगळ्यांना इमरती मागवली. आणि इमरती मोडता मोडता म्हणाले, "ताई, रजा खुशाल घ्या. पगाराचं मात्र... कामाला नऊच ना. तुम्हीच तर सगळ्यांना सांगता." घ्या! माझंच तोंड मला नडलं.

चिडून मी हजेरीपुस्तक ओढलं. आमच्याकडं पाडव्याला नव्या हजेरीची पूजा होते. हळदकुंकू वाहून पहिल्या पानावर सगळ्यांनी सही करायची, आणि सणाला कुणालाही वगळायचं नाही, हा सरांचा दंडक. त्या पानावर नऊ सह्यांखाली आणखी एक सही होती, मोठी, थरथरती. मावशींची! मावशी पाचोडकडच्या, ऑफिसची झाडलोट आणि चहा बघायच्या. पगार रोख मिळायचा, पण हजेरीत नाव कधीच नाही. पाडव्याला सरांनीच आग्रह करकरून सही करायला लावलेली, आणि वर स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं, 'आपले सर्व कर्मचारी'.

अगं बाई गं! मी बसल्या जागी टाळीच वाजवली. मागच्या बारा महिन्यांत एक दिवस जरी दहा माणसं कामाला असली, तरी कायद्याला पुरतं. आणि मावशी तर रोज यायच्या!

पुस्तक सरांपुढं ठेवलं. "सर, ही सही कुणाची?"

सरांनी चष्मा पुसला. बोट ठेवत मोजलं. कान लाल झाले. मग असे हसत सुटले की उचकी लागली, चहा फायलीवर सांडला. "मीच शिकवलं ना तुम्हाला हे? भोगतो आता!" त्यांचं हसू थांबायच्या आत मी रजेचं पत्र टाइप करून सही घेतलीसुद्धा. कुणी टेबल बडवत होतं, कुणी उरलेली इमरती पळवत होतं. मला तर नाचावंसं वाटत होतं.

एवढ्यात मावशी ट्रे घेऊन दारात. "काय झालं? माझ्या सहीनं घोटाळा झाला व्हय?"

"नाय मावशी, तुमच्यामुळं मला सहा महिन्यांची भरपगारी रजा मिळाली!"

"बाळंतपणाला पगार देतेत?"

"देतात."

"लई चांगलं झालं बाई." त्यांनी ट्रे खाली ठेवला. "माझी धाकटी झाली तवा तेराव्या दिवशी इथंच फरशी पुसली म्या. म्हणलं, काम जाईल."

मला माझ्या टाळीची लाज वाटली. सरांनी चालू महिन्याचं पान काढलं आणि माझ्या नावाखाली मावशींचं नाव लिहिलं. मान वर न करता विचारलं, "धाकटी केवढी झाली आता?"

"औंदा बारावीला हाय," मावशी म्हणाल्या.