काजू जेवत नव्हता

दामूचा कुत्रा सकाळपासून भुंकत होता. आमच्या नागावच्या घरात पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत. तिथे उतरलेले पाहुणे झोपमोड झाली म्हणून कपाळाला आठ्या घालून चहा पीत होते. मी आमच्या दोन घरांमधल्या दगडी गडग्याशी जाऊन ओरडलो, "दाम्या, आवर तुझ्या लेकाला! माझा धंदा बसवतोस काय?" एरवी पलीकडून लगेच एक शिवी यायची, रोज नवी, अगदी ताजी. उभी हयात एस.टी. चालवलेला माणूस, साठा दांडगा. त्या दिवशी शिवी आली नाही. मी थोडा वेळ वाट पाहिली... मग गडगा ओलांडला. या वयात गडगे ओलांडायचे नसतात, लेंगा टर्रकन फाटला. तसाच आत गेलो. दामू खाटेवर कुशीला वळून पडला होता. झोपेतच गेला, असं नंतर डॉक्टर म्हणाले. काजू दारात उभा होता आणि आता भुंकत नव्हता. कुणीतरी यावं, एवढंच त्याला हवं असावं.

हा काजू त्याच्याकडे आला तेव्हा त्याची बायको, आमच्या सुमतीवहिनी, जाऊन वर्षही झालं नव्हतं. मुलगी वैशाली लग्न होऊन मुंबईला गेलेली. तिला भेटून दामू मांडव्याच्या बोटीने परतला, तर त्याच्या डब्याच्या पिशवीतून एक तपकिरी तोंड बाहेर आलेलं. जेट्टीवर कुणी सोडून दिलेलं पिल्लू. मी गडग्याच्या अलीकडेच थांबलो. मला कुत्र्याची भीती. लहानपणी चावलाय, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे चावला तो माझ्या भावाला, पळालो मी.

"म्हातारपणी हे काय काढलंस?" मी विचारलं.

"घरात कुणीतरी हालतं-बोलतं लागतं रे."

"हालेल. बोलेल कसा?"

"बोलायला तू हायस की. साऱ्या गावाला पुरून उरतोस."

त्यानंतर काजूने माझ्या चपला पळवल्या, वाळत घातलेल्या कोलंबीच्या सोड्यांवर ताव मारला आणि मी तक्रार केली की दामू गडग्यावर कोपरं टेकून अभिमानाने ऐकायचा, जणू मी त्याच्या पोराचं प्रगतिपुस्तक वाचून दाखवतोय.

दहाव्याला आम्ही सगळे समुद्रावर सुरूच्या बनात जमलो. पिंड मांडले. कावळे सुरूवर ओळीने बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. मग नेहमीप्रमाणे एकेकाने पुढे होऊन हात जोडले. चुलतभाऊ म्हणाला, "दामू, घराचं छप्पर शाकारून घेतो." कावळे ढिम्म. वैशाली रडत म्हणाली, "बाबा, दर महिन्याला येऊन दिवा लावीन." तरी ढिम्म. ऊन डोक्यावर आलं. मला साखरेचा त्रास, वेळेवर खावं लागतं. भटजींनी अखेर दर्भाचा कावळा करायला घेतला होता. तो पिंडाला लावला की विधी संपला असता. मी अजून घटकाभर गप्प बसलो असतो तर सुटलो होतो. पण गप्प बसणं मला जमलं असतं तर अजून काय हवं होतं? मी मोठ्याने म्हणालो, "दाम्या, तुझा काजू मी सांभाळतो, मग तर झालं?"

वरून एक कावळा असा खाली आला, की भटजींच्या हातातला दर्भ गळाला.

घरी येताना आमची नलिनी एवढंच म्हणाली, "अहो, आयुष्यात प्रथमच तुमचं कुणीतरी ऐकलं. तोही कावळा."

अशा रीतीने, ज्याला कुत्रा दिसला की रस्ता बदलायची सवय, तो मी कुत्र्याचा मालक झालो. पहिल्याच दिवशी त्याला माडाखाली बांधला. जन्म माडांत गेला, तरी वर बघायची अक्कल झाली नाही. त्याच्यापासून हातभर अंतरावर झावळी कोसळली. दुसऱ्या दिवशी करड्या आवाजात "बस!" म्हणालो, तर काजू उभाच, पण व्हरांड्यातला पाहुणा दचकून खुर्चीत बसला. हे सगळं मी अजून रंगवून सांगतो, लोक हसतात. पण एक गोष्ट सांगताना मला हसवता येत नाही. काजू जेवत नव्हता. दूध-भाकरी दिली, हुंगलीसुद्धा नाही. अलिबागहून पाकिटातलं खाणं आणलं. नलिनीने तळलेल्या मांदेल्या दिल्या, ज्या मला मागूनही मिळत नाहीत. पाणी तेवढं प्यायचा आणि दुपार झाली की गडग्याशी जाऊन पडायचा. बरगड्या दिसायला लागल्या. गुरांचे डॉक्टर येऊन तपासून गेले. म्हणाले, "आजार काही नाही. पण असाच राहिला तर वाचायचा नाही." आता मला भीती त्याच्या दातांची नव्हती. दामूचं जे एक माणूस इथे मागे उरलं होतं, तेही माझ्या हातून जाणार होतं...

शेवटी वैशालीला फोन लावला. ती म्हणाली, "काका, तुम्ही त्याला जेवायला घालता की त्याच्याबरोबर जेवता?"

"म्हणजे?"

"आई गेल्यावर बाबांना एकट्याने जेवण जायचं नाही. मागच्या दाराच्या पायरीवर ताट घेऊन बसायचे, शेजारी काजूची थाळी. त्याच्याशी बोलत बोलत जेवायचे."

दुपारी पलीकडून दामूच्या बोलण्याचा आवाज मी रोज ऐकायचो. मला वाटायचं, लेकीशी फोनवर बोलतोय. माझ्याशी तो शिव्यांतच बोलायचा. हे दुसरं बोलणं त्याने कुणासाठी राखून ठेवलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी मी दोन ताटं घेऊन निघालो. नलिनी म्हणाली, "टेबलावर बसून सांडता, पायरीवर काय उजेड पाडणार?" पण आमटीची वाटी तीच घेऊन आली आणि ठेवून परत गेली. दामूच्या मागच्या दाराला तीन पायऱ्या. मी वरच्या पायरीवर चौकटीला टेकून बसलो. तिथला रंग दामूचं डोकं टेकून टेकून उडाला होता. काजू आला आणि समोर उभा राहिला. गुरगुरला नाही. नुसता बघत राहिला... मला उशिरा कळतं, पण कळतं. मी एक पायरी खाली सरकलो. तो येऊन शेजारी बसला. आता बोलायला हवं होतं आणि मला, प्रथमच, काही सुचेना. शेवटी म्हणालो, "बांगडा आज तेवढा ताजा नाही रे." काजूने थाळीत तोंड घातलं. तो खात राहिला, मी बोलत राहिलो.

आता काजू भरलाय अंगाने. दुपारी आम्ही तिथेच जेवतो. वैशाली आली होती तेव्हा म्हणाली, "काका, वर बसा ना, पाठ टेकता येईल." पाठ दुखते हे खरं आहे. पण वरची पायरी रिकामी ठेवून आम्ही दोघं खाली बसतो. मी काहीबाही बोलत असतो, आणि मी बोलायला लागलो की काजू माझ्याकडे नाही, वर बघतो.