गुडघ्याखालची उशी

परवा आप्पांच्या गुडघ्याचे टाके काढायला साताऱ्याला गेलो होतो. आप्पा म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. पंधरा दिवसांपूर्वी त्यांचा उजवा गुडघा बदलला.

मेढ्याजवळच्या आमच्या गावात शाळेच्या झेंडावंदनाला आप्पा कायम पुढच्या रांगेत. पण गुडघा सरळच होईना, मग सावधानमध्ये उभं कसं राहणार... गेल्या वेळी ते गेलेच नाहीत. लोक चालता यावं म्हणून हे ऑपरेशन करतात, आप्पांनी ताठ उभं राहता यावं म्हणून केलं.

आमचं दोघांचं बोलणं मात्र दीड वर्ष बंद होतं. सांगलीला इंजिनीअरिंग करताना एका मुलीपायी मी कॉलेज अर्ध्यात सोडलं. आप्पा त्यावरून बोलले आणि मी भरल्या ताटावरून उठून घराबाहेर पडलो. पुढे तिचं लग्नही झालं विट्याला... मी घरी परत आलो, पण आमचे निरोप आईमार्फतच.

ऑपरेशनची जेवढी भीती वाटते तेवढं ते अवघड नाही. दुसऱ्याच दिवशी वॉकर देऊन उभं करतात. खरी परीक्षा घरी आल्यावर... सूज, बर्फाचा शेक आणि दिवसातून चार वेळा व्यायाम.

आप्पा दात आवळून सगळं करायचे, तोंडातून आवाज नाही. मला बघवेना. घरी आणलं त्याच दिवशी मी माझी उशी त्यांच्या गुडघ्याखाली सरकवली. त्यांचा चेहरा जरा सैल झाला. मग रोज मीच ती उशी नीट करायचो... न बोलता.

परवा डॉक्टरांनी टाके काढले, जखम छान भरलीय म्हणाले. मग फिजिओ मॅडमनी आप्पांना पाय लांब करायला सांगितला आणि गुडघ्याखालून हात घातला. गुडघा खाली टेकतच नव्हता, अख्खा तळवा आरपार गेला.

"गुडघ्याखाली उशी घेताय का?"

"मी ठेवतो की," मी जरा ऐटीतच म्हणालो.

"काका, डिस्चार्जच्या दिवशी मी बजावलं होतं ना तुम्हाला? उशी टाचेखाली घ्यायची. गुडघ्याखाली घेतली की बरं वाटतं, पण गुडघा वाकडाच आखडतो. मग कायमचं लंगडणं."

माझं डोकं फिरलं. "घरच्यांना सांगायचं असतं हे! मला कोण बोललं?" सगळी ओपीडी वळून बघायला लागली.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "दोनदा माणूस पाठवला होता. तुम्ही पार्किंगमध्ये फोन बघत बसला होता."

बसलो होतो... तिच्या लग्नाचे फोटो बघत.

मग राग आप्पांवर निघाला. दीड वर्षात त्यांच्याशी बोललेलं पहिलं वाक्य, आणि तेही ओरडून. "आप्पा, तुमाला म्हाईत हुतं, मग उशी काढली का न्हाई?"

आप्पा आपल्या पायाकडे बघत होते. "तू ठेवली हुतीस... दीड वर्सांनी जवळ आलतास. काढून कशी टाकू रं?"

मॅडम उगाचच फाईल चाळत राहिल्या. मग म्हणाल्या, अजून वेळ गेलेली नाही, पण आता एक दिवससुद्धा चुकवायचा नाही.

मॅडम, त्या दिवशीच्या आवाजाबद्दल माफ करा. आणि ज्यांच्या घरात हे ऑपरेशन व्हायचंय त्यांनी डिस्चार्जच्या वेळी फोन खिशात ठेवून समोर उभं राहावं... एवढंच सांगायचं होतं.

आता टाचेखाली टॉवेलची गुंडाळी असते. आप्पा गुडघा गादीत दाबून धरतात, मी दहा मोजतो. जिथे तळवा जायचा तिथे आज बोटं अडकली.

त्यांच्या कपाळावर घाम दिसला की मी आठावरून थेट दहावर जातो. आप्पा लगेच पकडतात, "नऊ कुटं गेला रं?"

मग मी नऊ म्हणतो... सावकाश.