लाटव्हियातला दूधवाल्यांचा क्लब आणि शिरीषचं मत

नोव्हेंबरमध्ये लाटव्हियाला कुणी फिरायला जात नाही. हे मला आधी ट्रॅव्हल एजंटने सांगितलं, मग ऑफिसमधल्या फिनलंडच्या सहकाऱ्याने, आणि शेवटी रीगाच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या माणसाने नुसत्या चेहऱ्यानेच. "कशासाठी आलात?" त्याने विचारलं. "फुटबॉल," माझा नवरा शिरीष म्हणाला. त्या माणसाने मान वर करून आमच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पुढे जाऊ दिलं.

हे वेड कुठून आलं ते आधी सांगते. शिरीष कोल्हापूरचा. तिथे पेठेपेठेची, तालमीतालमीची फुटबॉल टीम असते आणि तिच्यापायी सख्खे मेहुणे महिनाभर एकमेकांशी बोलत नाहीत. मी पुण्याची, मला हे सगळं लग्नानंतर कळलं. आम्ही सिंगापूरला टॅम्पिनीसमध्ये राहतो, शिरीषचं ऑफिस वन-नॉर्थला. इंग्लंड-स्पेनच्या मॅचेस आमच्याकडे मध्यरात्री लागतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची मीटिंग असते. मग कोविडच्या काळात त्याने जेवणाच्या वेळेला कुठे फुटबॉल चालू असतं याचा शोध घेतला आणि त्याला लाटव्हिया सापडलं. तिथली दुपार म्हणजे आपली संध्याकाळ. गुणतक्त्याच्या तळापाशी रखडणारा एक छोटा क्लब त्याने निवडला, कारण त्यांच्या चिन्हावर दुधाची कॅन होती. कोल्हापूरच्या माणसाला एवढं पुरतं.

छोटा म्हणजे किती, तर खेळाडू पगारी, पण गोलकीपर हिवाळ्यात गाड्यांचे टायर बदलून देतो. शिरीषने भाषांतराच्या ॲपवर जुन्या बातम्या वाचून वाचून क्लबचा सगळा इतिहास जमवला, एका वेबसाइटवर इंग्रजीत लिहून काढला आणि क्लबचं सभासदत्वही घेतलं, कारण त्याबरोबर मफलर फुकट होता. पुढच्या मे महिन्यात जाऊ असं ठरत होतं. तेवढ्यात बातमी आली की शेजारच्या गावच्या क्लबमध्ये विलीन व्हायचं का यावर सभासद मत देणार आहेत, आणि हंगामाची शेवटची मॅच कदाचित या नावाची शेवटची असेल. शिरीष दोन दिवस नीट जेवला नाही. मीच म्हटलं, चल, जाऊन येऊ.

कुणाला जायचं असेल तर थोडं कामाचं. सिंगापूरहून रीगाला थेट विमान नाही, आम्ही इस्तंबूलवरून गेलो. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. नोकरीचं पत्र आणि सिंगापूरच्या वर्क पासची प्रत तयार ठेवा आणि अपॉइंटमेंट लवकर घ्या, आम्हाला ती अगदी काठावर मिळाली. जाड कोट विकत घेऊ नका. टॅम्पिनीसच्या मराठी ग्रुपवर विचारलं तर स्वित्झर्लंड करून आलेल्या तीन घरांतून कोट आले. माझा इतका मोठा होता की आत आणखी एक मी मावले असते. आमची पंधरा वर्षांची लेक रेवा वुडलँड्सला माझ्या बहिणीकडे राहिली. निघताना तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, दे ऑल्सो कॅनॉट विन वन लाह. व्हाय यू फ्लाय सो फार?"

पहिला दिवस रीगात. जुनं शहर सुंदर आहे, फोटो सगळीकडे मिळतील, मी त्यावर लिहीत नाही. मला आवडला तो बसस्टँडशेजारचा मोठा बाजार. विमानांच्या जुन्या हँगरइतकी उंच दालनं आणि आत मासे, लोणची, चीज, मध. शाकाहारी लोकांनी घाबरू नये. बटाट्याची धिरडी आणि आंबट साय सगळीकडे मिळते, काळा राय ब्रेड अप्रतिम, आणि चीजमध्ये ते चक्क शहाजिऱ्यासारखं काहीतरी घालतात. बारीक चिरलेल्या शेपूचं मात्र त्यांना भयंकर वेड आहे. शेपूची भाजी न खाणाऱ्या माझ्या नवऱ्याने दोन दिवस निमूट शेपू खाल्ला. संध्याकाळी पाचच्या आधीच मिट्ट काळोख झाला, तेव्हा आम्ही हॉटेलात जाऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस पकडली. तिकीट आमच्या घरापासून वन-नॉर्थपर्यंतच्या टॅक्सीपेक्षा स्वस्त, सीट गरम, आणि दोन तास बाहेर बर्चची पानं झडलेली झाडं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यावरून तिथे अजून वाद आहेत. गाव म्हणजे एक चर्च, एक नदी, एक सुपरमार्केट आणि बंद पडलेली डेअरी. शिरीष डेअरीच्या फाटकासमोर उभा राहून मला इतिहास सांगत होता. सोव्हिएत काळात डेअरीतल्या कामगारांनी टीम काढली. पुढे देश स्वतंत्र झाला, डेअरी बंद पडली, पण टीम राहिली. मग एका बांधकाम कंपनीने पैसे दिले आणि क्लबला स्वतःचं नाव लावलं. ती कंपनी बुडाली तेव्हा क्लबही बुडाला. वर्षभराने गावातल्या पालकांनी एकत्र येऊन सगळ्यात खालच्या गटातून पुन्हा सुरुवात केली, दुधाची कॅन पुन्हा चिन्हावर आणली, आणि हळूहळू वरच्या गटात आले. एकदा युरोपच्या पात्रता फेरीतही खेळून आले. "नुसतं नाव टिकवायला किती कष्ट केले बघ," तो म्हणाला. मला तेव्हा थंडीने दुसरं काही सुचत नव्हतं.

स्टेडियम म्हणजे एका बाजूला प्लास्टिकच्या खुर्च्यांचा छोटा स्टँड, बाकी तीन बाजूंना कुंपण आणि झाडं. मधल्या रांगेत दोन चांगल्या जागा दिसल्या. शिरीषने खिशातून टिशूची दोन पाकिटं काढून एकेका खुर्चीवर ठेवली आणि आम्ही चहा घ्यायला गेलो. सिंगापूरमध्ये राहणाऱ्यांना यात काही वावगं वाटणार नाही. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या दालनात, टेबलावर टिशूचं पाकीट ठेवलं की ते टेबल तुमचं, तिथे पंतप्रधानही बसणार नाहीत. आम्ही परत आलो तर आमच्या जागांवर दोन आजोबा बसले होते आणि पिवळं जॅकेट घातलेल्या एक बाई हातातल्या कचऱ्याच्या पिशवीत खुर्च्यांवरचे कागद भरत होत्या. आमचं एक पाकीट पिशवीत गेलं होतं. दुसऱ्यातल्या टिशूने त्या नाक पुसत होत्या.

"आयला, ही बाई काय करायलीय?" शिरीष मला म्हणाला, आणि मग इंग्रजीत त्यांना, "एक्स्क्यूज मी, ती आमची जागा आहे."

"तुमची?" बाईंनी स्वच्छ इंग्रजीत विचारलं. "नंबर आहे?"

"नाही. टिशू आहे."

टिशूचा आणि जागेचा संबंध समजावताना तो इतका गोंधळला की मला हसू आवरेना. शेवटी आपण अगदीच उपरे नाही हे दाखवायला त्याने फोनवरचं सभासदत्वाचं कार्ड पुढे केलं. बाईंनी ते वाचलं, त्याच्याकडे पाहिलं, परत वाचलं. "सिंगापूर! ते तुम्ही?" मग त्या हसत सुटल्या. त्यांचं नाव इल्झे. गावच्या शाळेत इंग्रजी शिकवतात, लहान मुलींच्या टीमला फुटबॉल शिकवतात, आणि मॅचच्या दिवशी चहा, फाटक, कचरा, जे पडेल ते. त्यांनी आजोबांना जरा सरकवून आम्हाला जागा करून दिली आणि म्हणाल्या, "मॅच झाली की कॅन्टीनमध्ये सभा आहे. हजर असलेल्या प्रत्येक सभासदाला मत आहे. तुम्हालाही."

शिरीषचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मत द्यायची वेळ त्याच्यावर किती तरी वर्षांत आली नव्हती. भारतातली निवडणूक आमच्या रजेशी जुळत नाही आणि सिंगापूरमध्ये आम्ही वर्क पासवर, नागरिक नाही.

मॅच एक-एक अशी बरोबरीत सुटली. आमचा गोल कॉर्नरवरून आला तेव्हा शेजारचे आजोबा आंद्रिस यांनी शिरीषला मिठीच मारली. तरुणपणी ते डेअरीत कामाला होते आणि डेअरीच्या टीममधून खेळले होते. इंग्रजी मोडकंतोडकं, पण विषय एकच असल्याने अडलं नाही. "यू, नो?" त्यांनी मतदानाबद्दल विचारलं. शिरीष म्हणाला, "नो. नेव्हर." आंद्रिस यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि थर्मासमधला आपला चहा त्याला पाजला.

कॅन्टीनमध्ये शंभरेक माणसं, ओले कोट आणि उकडलेल्या बटाट्यांचा वास. सभा लाटव्हियन भाषेत, इल्झेबाई आमच्या मागे बसून थोडक्यात सांगत होत्या. शेजारच्या गावाकडे छप्पर असलेलं मोठं मैदान आहे. दोन्ही क्लब एक झाले, तर तिथे दोन्हीकडच्या मुलांना हिवाळाभर खेळता येईल, न्यायला-आणायला बसही मिळेल. अट एकच, टीम एक आणि नाव नवं. आंद्रिस उठून बोलले. "म्हणतायत की त्या गावाचा शर्ट मी अंगाला लावणार नाही," इल्झेबाईंनी सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात माझ्या नवऱ्याने.

मग तो मागे वळून म्हणाला, "नाव गेलं तर क्लबच गेला की हो. बुडाला होता तेव्हा तुम्हीच परत उभा केलात ना?"

"मी त्या पालकांमधली एक होते," इल्झेबाई म्हणाल्या. "तुम्ही लिहिलेला इतिहास मी वाचलाय. चांगला आहे. पण त्या बुडालेल्या वर्षाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय."

"कारण मॅचेसच झाल्या नाहीत."

"हो. मोठे खेळाडू दुसरीकडे गेले. लहान मुलं घरी बसली. वर्षभराने आम्ही परत बोलावलं तेव्हा बरीचशी आलीच नाहीत. माझा मुलगाही आला नाही. आता दर वर्षी नोव्हेंबर ते एप्रिल तेच होतं. बर्फ पडतं, माझ्या टीममधल्या मुली घरी बसतात, आणि वसंतात मोजून थोड्या परत येतात. नाव तर आमचं आधीही बदललंय, शिरीष. त्याने काही झालं नाही."

समोर ठरावाच्या विरोधातले हात आधी मागितले गेले. आंद्रिस यांचा हात वर गेला आणि त्यांनी शेजारी पाहिलं. शिरीषचे दोन्ही हात मांडीवर होते. मला वाटलं, हा आता मतच देणार नाही, पाहुणा म्हणून गप्प बसेल, आणि खरं सांगते, मला तेच बरं वाटलं असतं. मग ठरावाच्या बाजूचे हात मागितले. शिरीषने हात वर केला. मफलर गळ्यात, डोळ्यांत पाणी, आणि हात सरळ वर. मी सभासद नाही, म्हणून मी नुसती त्याच्या दुसऱ्या हाताला धरून बसले.

ठराव आरामात मंजूर झाला, त्याच्या एका मताने काही फरक पडला नसता. आंद्रिस उठले, थर्मास घेतला, कोटाची बटणं लावली आणि शिरीषकडे न बघता निघून गेले. शिरीष त्यांच्या मागे दारापर्यंत गेला. ते थांबले नाहीत. परतीच्या बसमध्ये तो इतकंच म्हणाला, "कोल्हापुरात असं केलं असतं तर पेठेत पाय ठेवू दिला नसता मला." मी त्याला बटाट्याचं धिरडं दिलं. त्याने ते शेपू न काढता खाल्लं.

टॅम्पिनीसला पोचलो तेव्हा बत्तीस अंश होते आणि तिन्ही कोट धुवायला टाकून त्या त्या घरी पोचवायचे होते. रेवाने सगळं ऐकून घेतलं. "सो यू वेंट ऑल द वे टू व्होट अगेन्स्ट युअर ओन टीम? बाबा, सीरियसली?"

"हो," शिरीष म्हणाला. "त्यांना तिथे राहायचंय, मला नाही."

खर्चाचं विचाराल तर त्या पैशात बाली दोनदा झालं असतं. परत जाल का असं विचाराल तर मी उन्हाळ्यात जाईन, शिरीषचं माहीत नाही. त्याने आंद्रिस यांना इल्झेबाईंमार्फत निरोप पाठवला, उत्तर आलं नाही. मला वाटतं येणारही नाही, आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. शिरीषला ते लागून राहिलं आहे.

फेब्रुवारीत इल्झेबाईंनी एक व्हिडिओ पाठवला. छपराखालचं हिरवं मैदान, खिडक्यांच्या बाहेर बर्फ, आणि दोन गट करून खेळणाऱ्या नऊ-दहा वर्षांच्या मुली. शर्टांवर नवं नाव, दुधाची कॅन कुठेच नाही. पंचवीस मिनिटांचा, हलणारा, कुणाच्या तरी आईने फोनवर काढलेला. शिरीष जेवायचा थांबून तो शेवटपर्यंत बघत बसला.

"कोण जिंकलं?" मी विचारलं.

"काय माहीत," तो म्हणाला. "दोन्हीकडं त्याच आहेत." आणि त्याने व्हिडिओ परत पहिल्यापासून लावला.