बॉनेटखालची ओली पट्टी

भुताखेतांचा विषय निघाला की सगळ्यात आधी हसणारा मी. धंद्याने मेकॅनिक. गाडी सुरू होत नसेल तर एक तर पेट्रोल येत नाही, नाहीतर स्पार्क... तिसरं कारण नसतं, असं मी सगळ्यांना ऐकवायचो.

माझं गॅरेज नाशिकला, द्वारका चौकाजवळ. समोरच अन्वरभाईंचं. खोटं कशाला बोलू, त्या माणसावर मी फार जळायचो. उन्हाळ्यात जुन्या फियाटचा पेट्रोल पंप तापतो, आत पेट्रोलची वाफ होते आणि गाडी सुरू होत नाही. त्यावर ओली पट्टी बांधायची, एवढीच युक्ती. पण अन्वरभाई जुन्या लुंगीची पट्टी सायकलच्या ट्यूबने अशी बांधायचे की घाटातही हलायची नाही. माझी दहा मिनिटांत घसरायची. गाठ मारताना ते मुद्दाम माझ्याकडे पाठ करतात, असं मला वाटायचं.

नव्याण्णवच्या हिवाळ्यात ते वारले. गिऱ्हाइकं माझ्याकडे आली, पण तोंडात नाव त्यांचंच. रिटायर्ड शिक्षक देवरे सर तर माझाच चहा पीत म्हणायचे, "अन्वरच्या हाताखाली माझी फियाट अशी कधी रुसली नाही, बरं का." मेलेल्या माणसाला हरवायचं तरी कसं?

सरांची फियाट गॅरेजमध्ये आणली की शहाण्यासारखी सुरू व्हायची. म्हणून पुढच्या मे महिन्यात, भर दुपारी, मी त्यांच्यासोबत वणीच्या रस्त्याला निघालो... दुखणं डोळ्यांनी बघायला. दिंडोरीच्या पुढे सर पाय मोकळे करायला थांबले आणि गाडी परत सुरू होईना. स्पार्क बघितला, चांगला होता. कार्बोरेटर कोरडा. पंपावर पट्टी नव्हती, त्याला तर हात लावता येईना. म्हणजे वाफच.

जवळचं पाणी संपलेलं. बॉनेट लावलं, गाडी लॉक केली, किल्ली खिशात टाकली. बॉनेटचा खटकाही गाडीच्या आत. दोघंही शेतातल्या विहिरीवर गेलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

गुडघ्यांमुळे सर मागे राहिले. मी कॅन घेऊन आलो, बॉनेट उघडलं...

पंपावर निळ्या चौकड्याच्या लुंगीची पट्टी होती. ओली, गार. वर ट्यूबची तीच गाठ.

अंगावर काटा आला, हे कबूल. पण त्याहून आधी राग आला — मेल्यावरही हा माणूस मला पुढे जाऊ देत नाही! आणि मग मी जे केलं त्याची आजही लाज वाटते. सर पोचायच्या आत कॅन रस्त्याकडेला रिकामा केला, पट्टी मीच भिजवून बांधली असं वाटावं म्हणून.

गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. सरांनी बॉनेटखाली वाकून पाहिलं, पाठ थोपटली.

"दत्तू, आज तू अन्वरच्या वरताण केलीस."

मी बॉनेट लावून टाकलं.

किल्ली माझ्याच खिशात होती. मग ती पट्टी आली कुठून, मला आजही सांगता येत नाही. ती ड्रॉवरमध्ये जपून ठेवली आहे. ती गाठ मला अजून जमलेली नाही. सर असेपर्यंत चारचौघांत माझी ती करामत सांगत राहिले. ज्या शाबासकीसाठी इतकी वर्षं जळलो, ती मिळाली... आणि तीही अन्वरभाईंचीच होती.