कँटीनचा वैरी

धर्मराजचं आणि अनंताचं पहिल्याच दिवशी वाजलं. धर्मराज करमाळ्याकडचा, वय तेवीस, अंबरनाथच्या केमिकल कंपनीत नुकताच लागलेला. अनंता पालेगावचा शेतकरी, कंपनीच्या कँटीनचा आचारी. त्यानं वाढलेल्या आमटीचा एक घोट घेऊन धर्मराजनं वाटी परत नेऊन आदळली.

"ही आमटी हाय का गुळवणी?"

"खायचा तर खा. नायतर तुजे गावाशी जा," अनंता म्हणाला आणि पुढच्याला वाढायला लागला.

पुढं एकतीस वर्षं दोघं एकमेकांशी धड बोलले नाहीत. धर्मराजची बायको बनूबाई गावी शेती बघायची. तो कात्रपला खोलीवर एकटा, म्हणून दोन्ही वेळचं जेवण कँटीनचंच. खोबऱ्याचं वाटण, वालाचं बिरडं, डोंगराएवढा भात. तो रोज शिव्या घालत खायचा. "ज्वारी ज्याच्या पोटात नाही त्याच्या मनगटात काय असणार," हे त्याचं अनंताला ऐकू जाईल असं ठरलेलं वाक्य. ते कानावर पडलं की त्या दिवशी अनंता त्याच्या भातावर मुद्दाम करपलेला थर घालायचा.

सणावाराला धर्मराज गावी जायचा. दोन दिवसांत छातीत जळजळायला लागायचं. दोष तो गावच्या बोअरच्या पाण्याला द्यायचा.

गेल्या वर्षी त्यानं डाव साधला. कँटीनच्या जेवणाविरुद्ध अर्ज लिहिला, ऐंशी सह्या गोळा केल्या, मॅनेजरच्या टेबलावर ठेवला आणि पुतणीच्या लग्नाला गावी गेला.

लग्नात येसराची आमटी होती. भाजक्या डाळी-मसाल्याची, काळी, झणझणीत, वर तेलाचा तवंग. धर्मराजनं भाकरी कुस्करली, पहिला घास घेतला आणि त्याला ठसका लागला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. त्यानं दुसरा घास घेतला, तो गिळवेना. भाऊ राजेंद्र समोरच वाढत होता.

"काय दादा, गूळ आणू का?"

अख्खी पंगत हसली. बनूबाईसुद्धा पदराआड हसली. धर्मराज ताटावरून उठला. "मसाला बिघडलाय तुमचा," एवढंच म्हणाला. पण मसाला बिघडला नव्हता. आईच्या हातची आमटी अशीच असायची, हे त्याला पक्कं आठवत होतं. त्याच रात्री त्यानं परतीची गाडी धरली.

कंपनीत आला तर कँटीनमध्ये नवा ठेकेदार. टेम्पोतून आलेले डबे, सगळ्या भाज्यांना एकच लाल रस्सा. सहीवाल्यांपैकीच एकजण म्हणाला, "खा आता. तूच हाकललास ना अनंताला."

चार दिवस धर्मराजनं वडापाववर काढले. पाचव्या दिवशी तो पालेगावला गेला. नव्या बिल्डिंगांच्या मागं अनंताचं जुनं घर होतं. अनंता ओट्यावर वाल सोलत बसला होता. बस म्हणाला नाही.

"डबा देशील का? महिन्याचे पैसे आधी देतो," धर्मराज म्हणाला.

अनंताची बायको सरस्वती दारात येऊन उभी राहिली. "ह्योच का त्यो?" तिनं विचारलं. अनंतानं मान हलवली. ती आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

"ऐंशी सह्या केल्यास," अनंता म्हणाला. "आता त्या ऐंशी घरांशी जेव."

"मी मागायला आलोय, भांडायला नाही."

"मंग मागून झाला. नीघ."

धर्मराज निघाला. स्टेशनला येईपर्यंत तो अनंताला, कंपनीला, राजेंद्रला एका दमात शिव्या घालत होता. त्या आठवड्यात त्यानं खोलीवर शेगडी आणली. त्याला वरण जमलं, भात जमला. पण त्याच्या हातचं ना आईसारखं लागेना, ना अनंतासारखं.

रविवारी बनूबाईचा फोन आला. धर्मराजला रिटायर व्हायला चार वर्षं उरली होती. तो मग गावीच राहायला येणार म्हणून राजेंद्रनं गावच्या घराला रंग काढायचं ठरवलं होतं.

"मी गावी राहायला येणार नाही," धर्मराज म्हणाला.

"आन् तिथं कोण हाय तुमचं?"

"कुणी नाही," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.