आकाशातली पाखरं आणि आईचा उजवा हात

आमच्या घरात बायबल एकच, पण आई आणि पप्पा ते वाचायचे दोन वेगळी पुस्तकं असल्यासारखं. पप्पांचा लाडका उतारा पाखरांचा. ती पेरत नाहीत, कापणी करत नाहीत, तरी देव त्यांना खायला घालतो. आईचा लाडका प्रेषित पौलाच्या पत्रातला. ज्याला काम करायचं नाही त्याने जेवूही नये. पप्पा खोपटच्या एसटी डेपोतून रिटायर झाले आणि दर रविवारी जेवताना हे दोन उतारे एकमेकांवर आदळायला लागले. "तुमची पाखरं भांडी कधी घासतात?" आई विचारायची. पप्पा हसत हसत आणखी भात वाढून घ्यायचे. मला दोघांचाही राग यायचा, कारण भांडी मीच घासायचे.

गेल्या वर्षी आई मोरीत घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. मी कल्याणला राहते, नोकरीमुळे शनिवार-रविवारच जाऊ शकायचे. पप्पांना फक्त चहा येतो, तोही पांचट. पण चाळीने आम्हाला न विचारताच काम वाटून घेतलं. सकाळी समोरच्या ताई भाकरी-भाजी आणून द्यायच्या, पप्पांना रोजचा "जयभीम काका" ठोकून. संध्याकाळी शेजारच्या मालवणी काकूंचा आमटी-भात यायचा. पप्पांची चंगळ झाली. डबा उघडला की म्हणायचे, "आली बघ पाखरांची सोय!"

आई मात्र चार घास खाऊन ताट सरकवायची. "बसून आहे मी. मला कसलं जेवण?" त्यात आमच्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. आईला साखरही चालेना. "ती दुकानातली. त्यात मी काय केलं?" प्लास्टर निघाल्यावर करंज्या करून ती सगळी भांडी भरून देणार होती. तोवर ओट्यावर डबे साठत गेले. तिसऱ्या आठवड्यात अकरा डबे आणि चार पातेली झाली, आणि आईची गालफडं बसली. डॉक्टर म्हणाले, नीट जेवल्या नाहीत तर हाड जुळणार कसं?

मी घाबरले, आणि घाबरले की मी चिडते. त्या शनिवारी दुपारी बायबल उघडून तिच्यापुढे ठेवलं. "नीट वाच. पौल आळशांना बोलतोय, हात मोडलेल्यांना नाही."

"मला शिकवू नकोस," आई म्हणाली. "वीस वर्षं संडे स्कूल घेतलंय मी."

पप्पांनी पाखरांसाठी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे असं काही बघितलं की ते मिटलं.

तेवढ्यात ताई दारात आल्या. हातात चक्क ताट होतं, त्यात भाकरी आणि सुकटीची चटणी. "मावशी, आमच्याकडे डबेच नाही उरले आता! पोरगी ऑफिसला पिशवीत पोळी घेऊन गेली."

आई ओशाळली. "अगं, पण रिकामे कसे देऊ?"

ताई तिच्यापुढे खाली बसल्या. "माझी सासू हॉस्पिटलला होती, तेव्हा महिनाभर तुमचा डबा यायचा. मी एकदा तरी भरून पाठवला का? कधी कधी तर धुतला पण नाही."

"तुला तेव्हा वेळ कुठे होता गं?"

"रिकाम्या डब्याबद्दल तुम्ही तेव्हा काहीच बोलला नाहीत, मावशी. म्हणून तर मी जेवले."

पौल, पाखरं, कोणीच आईच्या मदतीला येईना. मग ओट्याकडे हात करून म्हणाली, "ने सगळे." मला इतका आनंद झाला की मी लगेच डबे पिशवीत भरायला घेतले. न जाणो, तिचा विचार बदलायचा.

ताईंनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणी लावली आणि आईच्या तोंडाशी धरला.

"थांब, प्रार्थना राहिली," आई म्हणाली.

जेवणाआधीची आईची प्रार्थना लांबलचक असते आणि शेवटी 'माझ्या हातांना बळ दिलंस' म्हणून आभार असतात. ताई घास तसाच धरून थांबल्या. आईने डोळे मिटले.

"प्रभू, हिच्या हातांसाठी तुझे आभार. आमेन."

पप्पांनी चाळभर ऐकू जाईल असं आमेन म्हटलं, आणि आईने आ केला.