नाव पिथागोरस, गणितात भोपळा

सामोस बेटावर होड्या रंगवणाऱ्या पिथागोरसला नाव आजोबांचं मिळालं, डोकं मात्र स्वतःचं. "नाव पिथागोरस आणि गणितात भोपळा!" हा मास्तरांचा टोमणा म्हातारपणीही बंदरावर त्याची पाठ सोडत नव्हता. आता नातू झाला, आणि रीतीप्रमाणे त्यालाही आजोबांचंच नाव मिळणार होतं. पिथागोरसने चर्चमध्ये मेणबत्ती लावली आणि बाळाच्या धर्ममातेला, स्तामातियाला गाठलं. नाव तीच उच्चारणार होती.

"पोरी, पाया पडतो, पिथागोरस सोडून काहीही ठेव!"

"बरं काका, त्याहून मोठं शोधते."

बारशाला पाद्रीबाबांनी विचारलं, "बाळाचं नाव?"

स्तामातिया ठसक्यात म्हणाली, "युक्लिड!"

बाळाने टाहो फोडला.

"रड बाळा," पिथागोरसने कपाळावर हात मारला, "माझ्या मानेवर एकच प्रमेय होतं, तुझ्या मानेवर अख्खी भूमिती!"